पिसवा की कापसाची खाज? लेकीचे पाय फोडांनी भरलेत, घरातून पिसवा कशा घालवू?

बोरीकाठ
पारोळा तालुक्यातल्या एका गावातून लिहितेय. मे-जूनमध्ये तीन आठवडे मी लेकीला घेऊन नंदुरबारला माहेरी होते. सासूबाई मोठ्या दिरांकडे, मिस्टर मळ्यात झोपायचे. म्हणजे घराला कुलूपच. मृगाचे दोन पाऊस झाले तेव्हा परत आलो. संध्याकाळी दार उघडून मधल्या खोलीत पाऊल टाकलं आणि पाच मिनिटांत पोटऱ्यांवर काहीतरी चढल्यासारखं झालं. खाली बघितलं तर पायावर काळे तीळ उड्या मारतायत.

सकाळी लेकीचे घोटे बघून पोटात कालवलं. ती पाच वर्षांची आहे. तीन-तीन फोड एका ओळीत, प्रत्येकाच्या मधोमध बारीक लाल ठिपका, भोवती गुलाबी कडं. दोन फोड खाजवून फुटलेत, त्यातून पाणी येतंय. झोपेतही पायावर पाय घासते.

आमचं जुनं धाब्याचं घर. मधल्या खोलीत गेल्या हंगामाचा बारा क्विंटल कापूस पडून आहे, भाव वाढेल म्हणून ठेवलेला. सासूबाई म्हणतात, "कापूसनी खाज शे ती, पोरले काही व्हयेल नही." आमच्याकडे कापसातल्या त्या न दिसणाऱ्या किड्यालाही पिसवाच म्हणतात, त्यामुळे कोण कशाबद्दल बोलतंय तेच कळेना झालंय. मिस्टर कपाशीचं औषध पंपात घालून घरभर मारतो म्हणतात. संध्याकाळपर्यंत थांबवलंय. लेकीच्या पायाला काय लावू? आणि घराचं काय करू?

तापीथडी
ताई, आधी तो पंप खाली ठेवायला सांगा. बाकी सगळं नंतर.

मी शिरपूरकडचा, तीस वर्षं कपाशी करतोय. माझ्या चुलत्यांनी ढेकणांसाठी खाटेच्या सांध्यांत शेतीचं औषध मारलं आणि त्याच खाटेवर झोपले. पहाटे घामाने ओलेचिंब, उलट्या, तोंडातून लाळ, डोळ्यांच्या बाहुल्या टाचणीएवढ्या. चार दिवस दवाखान्यात काढले. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने किती माणसं गेली ते सगळ्यांनी पाहिलं. ती तर उघड्या रानात होती, वारा होता. तुमच्या घरात खिडकी एक, आणि पोर जमिनीवर बसून खेळणार, तोच हात तोंडात घालणार. रानाच्या औषधाला घरात जागा नाही.

गिरणामाय
बोरीकाठ ताई, मी ग्रामीण रुग्णालयात बरीच वर्षं सिस्टर होते. लेकीच्या पायाचं सांगते.

साध्या साबणाने आणि पाण्याने पाय हलक्या हाताने धुवा, चोळू नका. मग माठातल्या गार पाण्यात सुती कपडा भिजवून, पिळून, घोट्यांवर दहा मिनिटं ठेवा. बर्फ असेल तर कपड्यात गुंडाळून, थेट कातडीवर नको. खाज चढली की पुन्हा. पोर रडत असेल तेव्हा सगळ्यात लवकर गुण यानेच येतो, आणि यात पैसेही जात नाहीत. त्यानंतर कॅलामाइन लोशन, बाटली हलवून, कापसाच्या बोळ्याने, न फुटलेल्या फोडांवर. ते वाळलं की गुलाबी पापुद्रा बसतो आणि खाज दबते. फुटलेल्या दोन फोडांवर कॅलामाइन नको. ते स्वच्छ धुवा, कोरडे करा, वर सैल सुती पट्टी.

नखं आजच कापा. अगदी मुळाशी नाही, पण बोथट. झोपताना पायात पातळ सुती मोजे घाला. पिसूच्या चाव्याने मूल आजारी पडतं त्यापेक्षा नखातल्या घाणीने जास्त वेळा पडतं, हे मी ओपीडीत बसून पाहिलंय.

खाजेने रात्री झोपच लागत नसेल तर खाज कमी करणारं सेटिरिझिनचं पातळ औषध मिळतं, पण मात्रा वयावर आणि वजनावर असते, तेव्हा डॉक्टरांना विचारून. एक टक्का हायड्रोकॉर्टिसोन मलम डॉक्टर दोन-चार दिवसांसाठी देतात, तेही पातळ थरात. मेडिकलमधून "खाजेची ट्यूब द्या" म्हणून जी मिळते ती आणू नका. तिच्यात बऱ्याचदा तीन-चार औषधं एकत्र असतात, एक जोरदार स्टेरॉइड असतं, आणि लहान पोराची कातडी त्याने पातळ होते.

रॉकेल, चुना, टूथपेस्ट, डोकेदुखीचा बाम यातलं काहीही लावू नका. चुन्याने भाजलेले पाय मी स्वतः धुतलेत.

फोडाभोवतीची लाली पसरायला लागली, हात लावल्यावर गरम लागलं, पू झाला, जांघेत गाठ आली किंवा ताप चढला तर त्याच दिवशी दवाखाना. पुढच्या दोन आठवड्यांत ताप, डोकेदुखी, अंगावर पुरळ असं काही झालं तर डॉक्टरांना "घरात पिसवा झाल्या होत्या" हे आपणहून सांगा. पिसवांच्या विष्ठेतून, खाजवलेल्या जखमेवाटे एक टायफसचा ताप येतो. डॉक्टरांना पिसवांचं माहीत नसेल तर त्यांच्या लवकर लक्षात येत नाही.

धरणगावकर
कापसाचं मी सांगतो, कारण आमच्या ओसरीत दरवर्षी ढीग असतो.

साठवलेल्या कापसाने जी खाज सुटते ती पिसूची नसते. तो एक अतिसूक्ष्म कोळी असतो, माइट म्हणतात त्याला. सरकीत आणि बोंडात दडलेल्या गुलाबी बोंडअळीसारख्या अळ्यांवर तो जगतो. अळ्या संपल्या, कापूस हलवला की माणसाच्या अंगावर येतो. डोळ्याला दिसत नाही, उडी मारत नाही. त्याचे पुरळ मान, छाती, पोट, पाठ, हात असे वरच्या अंगाला उठतात. कापूस भरणाऱ्या मजुरांना बघा, सदरा काढला की पाठ लाल असते. खाज चावल्यावर लगेच नाही, काही तासांनी सुरू होते.

पिसू दिसते. तिळापेक्षा जरा बारीक, तपकिरी, दोन्ही बाजूंनी चपटी, चिमटीत धरली तरी निसटते. नखावर नख दाबल्याशिवाय मरत नाही. तिची उडी साधारण वीतभर उंच जाते, म्हणून मोठ्या माणसाचे घोटे आणि पोटऱ्याच सापडतात. तुम्ही उड्या मारताना बघितल्यात आणि फोड घोट्याला आहेत, म्हणजे सासूबाईंचा अंदाज या वेळी चुकलाय. खात्री करायची असेल तर पांढरे लांब मोजे घालून मधल्या खोलीत दोन मिनिटं पाय आपटत फिरा.

पांझरेची लेक
ढेकूण नसतील ना? आमच्या धुळ्याच्या भाड्याच्या खोलीत असेच ओळीने फोड उठायचे आणि ते ढेकूण निघाले.

धरणगावकर
ढेकूण अंथरुणात चावतो, रात्री, आणि जे अंग उघडं असेल तिथे. दंड, मान, खांदा. गादीच्या शिवणीत काळे डाग सापडतात. ताईंना संध्याकाळी उभ्या-उभ्या चावलंय.

गुरांचा डॉक्टर
साक्री भागात जनावरांचा दवाखाना बघतो. एक विचारतो ताई. तुमच्या गैरहजेरीत घरात मांजर व्यालं होतं का? कुत्रं? धाब्याच्या घराला धारं म्हणजे छतात भोक असतं, मांजर तिथून सहज उतरतं. कापसाच्या ढिगासारखी ऊबदार जागा तिला दुसरी मिळणार नाही.

असं विचारतो याचं कारण कुलूपबंद घर. "घर बंद होतं, कोणीच नव्हतं, तरी पिसवा कुठून आल्या?" हे मी दरवर्षी ऐकतो. घर बंद असतं म्हणूनच त्या साठतात. आपल्याकडच्या घरात सापडणारी बहुतेक पिसू मांजराची पिसू असते, कुत्र्यावरही तीच. मादी जनावराच्या अंगावर बसून रक्त पिते आणि दिवसाला चाळीसच्या आसपास अंडी घालते. अंडी चिकट नसतात. मांजर जिथे झोपतं तिथे ती मिठाच्या कणांसारखी गळतात. त्यातून निघणारी अळी दोऱ्यासारखी पांढरी, उजेडाला घाबरणारी. ती फरशीच्या फटीत, गोणपाटाखाली, कचऱ्यात शिरते आणि मोठ्या पिसवांच्या विष्ठेत असलेलं वाळलेलं रक्त खाते. मग कोश विणते. कोशाला धूळ चिकटते, त्यामुळे तो दिसतच नाही.

आत तयार झालेली पिसू बाहेर यायची घाई करत नाही. कोशात ती आठवडेच्या आठवडे, कधी कित्येक महिने बसून राहते. पावलांचा हादरा, अंगाची ऊब, श्वासातली हवा लागली की समजते, खाणं आलं. मग एकदम बाहेर. तुम्ही दार उघडून आत पाऊल टाकलंत तेव्हा नेमकं हेच झालं असणार.

अळीला ओल लागते. मे महिन्याच्या आपल्या उन्हात अंगणात ती तग धरत नाही, वाळून मरते. पण धाब्याच्या घरात कापसाखाली गारवा असतो, आणि मृगाच्या पावसाने हवेत दमटपणा आला.

बोरीकाठ
डॉक्टर, तुम्ही लिहिलं तसंच निघालं.

आज दुपारी कापसाच्या मागच्या कोपऱ्यातलं जुनं गोणपाट उचललं. मांजराचे केस, वाळलेली नाळ असावी असं काहीतरी, आणि गोणपाटावर मीठ-मिरी सांडल्यासारखं. पांढरे कण आणि काळी पूड. काळी पूड ओल्या पांढऱ्या कागदावर टेकवली तर कडेने तांबडं पसरलं. रक्तच ते. मी तिथेच खाली बसले. लेक रोज त्या कोपऱ्यात भातुकली मांडते.

मांजर पिलं घेऊन कधीच गेलंय. धारं उघडंच होतं. मोज्यांवर दोन मिनिटांत अकरा पिसवा मोजल्या. मिस्टरांनी पंप ठेवून दिला, तापीथडी दादांचा प्रतिसाद त्यांना वाचून दाखवला. आता पुढे?

गुरांचा डॉक्टर
मांजर गेलं म्हणून त्या तुम्हाला चावतायत. तिचं अंग असतं तर तुमच्याकडे कमी वळल्या असत्या.

ते गोणपाट झटकू नका. तिथेच प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून तोंड बांधा आणि अंगणात नेऊन जाळा. घरात काहीही पेटवू नका. कडुनिंबाची धुरी बरेच जण सुचवतील, पण बारा क्विंटल कापसाशेजारी एक ठिणगी पुरे. शिवाय धुराने मोठ्या पिसवा इकडच्या तिकडे होतात, कोशाला काही होत नाही.

कोरडा झाडू मारला की अंडी उडून दुसऱ्या खोलीत जातात. कुणाकडून व्हॅक्यूम मिळालं तर उत्तम. ते फटींत, उंबऱ्याखाली, भिंतीच्या कडेने चालवा आणि पिशवी लगेच बाहेर रिकामी करा. त्याच्या हादऱ्याने कोशातल्या पिसवाही बाहेर येतात, तेही आपल्या फायद्याचं. नसेल तर ओलं फडकं, साबणाचं पाणी, आणि जिथे फरशी आहे तिथे फटींत उकळतं पाणी सोडा, पोराला दुसऱ्या खोलीत ठेवून. अंथरुणं, गोधड्या, लेकीच्या बाहुल्यांचे कपडे गरम पाण्यात धुवा. हे सगळं एकदा करून भागणार नाही. निदान तीन आठवडे, एक दिवसाआड तरी.

औषध मारायचंच असेल तर घरात वापरायला परवानगी असलेलं, आणि पेस्ट कंट्रोलवाल्याला विचारा की त्यात अळीची वाढ रोखणारं औषध आहे का. नुसतं मोठ्या पिसवा मारणारं असेल तर पंधरा दिवसांनी पुन्हा तेच. फवारणी सुकेपर्यंत घरात कोणी नको.

तापीथडी
त्यात भर घालतो. पिसवा आहेत तोवर कापूस विकायची घाई असेल तर गाडीवाल्याला आणि हमालांना आधी सांगा. मोजे आणि लांब बाह्या घालून येतील. ती पण लेकरंबाळं असलेली माणसं आहेत.

नवापूरचा
मी सुरतेत उधन्याला राहतो, मूळ नवापूरचा. एकच विचारतो, घरात उंदीर मेलेले दिसलेत का? सप्टेंबर १९९४ मध्ये सुरतेत प्लेग आला तेव्हा मी आठवीत होतो. वडिलांनी रात्रीत आम्हाला गाडीत कोंबून गावाकडे आणलं. स्टेशनवरची ती गर्दी आजही डोळ्यांपुढे आहे. तेव्हापासून पिसवा म्हटलं की अंगावर काटा येतो.

गिरणामाय
दादा, तुमची भीती समजते, पण इथे दोन गोष्टी वेगळ्या करायला हव्यात. सुरतेचा प्लेग फुप्फुसाचा होता, तो खोकल्यातून माणसाकडून माणसाकडे जातो. पिसवांमुळे होतो तो गाठीचा. सुरतेच्या थोडं आधी बीड जिल्ह्यातल्या मामला गावात आढळला होता तो. पिसवा प्लेग पसरवतात हे १८९८ मध्ये पॉल-लुई सिमाँ या फ्रेंच डॉक्टरने कराचीत दाखवून दिलं. त्याच्या आधीही आपल्या लोकांना इतकं ठाऊक होतं की घरात उंदीर पडायला लागले की गाव सोडून रानात झोपड्या घालायच्या. माझी आजी सांगायची.

प्लेगची पिसू ही मुख्यतः उंदराची, जात वेगळी. ताईंच्या घरात मांजराची आहे. एवढ्याने घाबरून जायचं कारण नाही. मात्र विष न घालता एकापाठोपाठ उंदीर मेलेले दिसले तर हात न लावता प्राथमिक आरोग्य केंद्राला कळवा.

गुरांचा डॉक्टर
सिस्टरांचं बरोबर. आणि घरात उंदीर असतील तर आधी पिसवांचा बंदोबस्त, मग उंदरांचा. उंदीर मेला, गार पडला की पिसवा त्याला सोडतात आणि जवळचं गरम अंग शोधतात. ते अंग आपलं असतं.

पांझरेची लेक
ताई, रात्री एक करून बघा. स्टीलच्या पसरट ताटात पाणी, त्यात भांडी घासायच्या साबणाचे चार थेंब. ताट जमिनीवर, आणि वर हातभर अंतरावर छोटा दिवा, वायर पाण्यापासून लांब. पिसवा उजेडाकडे, उबेकडे उडी मारतात आणि साबणामुळे बुडतात. याने घर साफ होत नाही, पण किती उरल्यात ते रोज मोजता येतं. त्याने धीर राहतो.

बोरीकाठ
नऊ दिवस झाले. लेकीचे फोड सुकलेत, खपल्या धरल्यात, रात्री झोपते. गार कपड्याने सगळ्यात जास्त आराम पडला. डॉक्टरांनी झोपताना घ्यायचं औषध तीन दिवस दिलं होतं.

चार दिवस उघडीप मिळाली तेव्हा सासूबाई स्वतः उठल्या. "बठ्ठ्या गोधड्या उनमा टाका," म्हणाल्या, आणि धुतलेल्या अकरा गोधड्या धाब्यावर पसरून दर तासाला पालटत बसल्या. मी नको म्हटलं तरी ऐकलं नाही. फटींत रोज उकळतं पाणी सोडते. ताटात पहिल्या रात्री चौतीस, मग एकवीस, मग नऊ, मग चार.

आणि काल पुन्हा एकोणीस. मला रडूच आलं. इतकं करून पहिल्यासारखंच?

गुरांचा डॉक्टर
ताई, हे एकोणीस जुने आहेत. पहिल्या दिवशी कोशात होते, आज बाहेर आले. कोशाला ना औषध लागतं ना साबण, म्हणून हा दुसरा लोंढा प्रत्येक घरात येतो, आणि इथेच लोक हात टेकतात. यांना अंडी घालायला जनावर मिळत नाहीये, एवढं सांभाळा. धारं जाळीने बंद केलंत का? फटी साफ करत राहा, खोलीत मुद्दाम चाला, मोजे घालून. जितक्या लवकर कोश रिकामे होतील तितकं बरं.

बोरीकाठ
जाळी बसवली. पण त्याच दिवशी मांजर तीन पिलं घेऊन ओट्यावर येऊन बसलं. लेक ऐकत नाही, दूध घालते. हाकलू का? शेजारच्यांनी त्यांच्या कुत्र्याचं औषध देऊ केलंय, मानेवर सोडायचं.

गुरांचा डॉक्टर
ते मांजराला अजिबात नको! कुत्र्यांच्या कित्येक औषधांत परमेथ्रिन असतं. कुत्र्याला ते चालतं, मांजराला झटके येतात, जीव जातो. माझ्या टेबलावर अशी मांजरं गेली आहेत, आणि आणणाऱ्याने भल्यासाठीच लावलेलं असतं. टी ट्री तेलही नको.

हाकलू नका, ती दुसऱ्या घरात पिसवा नेईल. आईला मांजरासाठीचं फिप्रोनिलचं औषध वजन बघून जवळच्या पशुवैद्यकाकडून लावून घ्या, दूध पाजतेय हे आधी सांगून. पिलं आठ आठवड्यांच्या आतली असतील तर औषध नाही. उवांची बारीक फणी घ्या, मानेपासून शेपटीकडे विंचरा, फणी दर वेळी साबणाच्या पाण्यात बुडवा. पिलांच्या हिरड्या बघा. गुलाबी असतील तर ठीक. पांढुरक्या असतील तर पिसवांनी रक्त ओढलंय, लगेच दवाखान्यात न्या. आणि लेकीला मांजराला हात लावल्यावर हात धुवायला लावा. पिसू चुकून पोटात गेली तर एक पट्टकृमी होतो, लहान मुलांना जास्त.

बोरीकाठ
आज चोविसावा दिवस. पिलांच्या हिरड्या गुलाबी आहेत. सासूबाई रोज सकाळी ओट्यावर बसून फणीने विंचरतात, काल एका पिलाच्या अंगावर दोनच निघाल्या. आईला औषध लावून आणलं. कापूस परवा गेला, हमालांना आधीच सांगितलं होतं, सगळे मोजे घालून आले. ढीग उचलल्यावर मधल्या खोलीची फरशी खालपर्यंत खरवडली, फटी सिमेंटने भरल्या.

ताटात मंगळवारी तीन, बुधवारी शून्य, काल शून्य, आज सकाळी एक. ताट घासून ठेवलंय, रात्री पुन्हा लावते.